परसांतल्या कोंबड्या : त्यांचें सुख आणि त्यांचीं दुखणीं

परसदारीं चारसहा कोंबड्या बाळगणें ही गोष्ट आपल्या खेड्यांत इतकी जुनी व इतकी सहज आहे कीं, तिच्याविषयीं रेडिओवरून सांगण्यासारखें आहे तरी काय, अशी शंका पुष्कळ श्रोत्यांच्या मनांत येईल. गाय घ्यावयाची तर पैसा लागतो, शेळी पाळावयाची तर तिच्यामागें माणूस हिंडावें लागतें; कोंबडीला मात्र एक खुराडें, मूठभर कणी आणि उकिरडा एवढें पुरतें. तिच्या अंड्यांचा पैसा बहुधा घरधन्याच्या हातीं जात नाहीं. तो घरधनिणीच्या गांठीला राहतो, आणि मुलाची वही, मीठमिरची, अडीअडचणीचें औषध त्यांतूनच निघतें. म्हणून एखाद्या आठवड्यांत खुराडें रिकामें झालें, तर तें नुकसान बाजारभावानें मोजतां येत नाहीं.

प्रथम सुखाविषयीं बोलूं. कोंबडा उजेड पाहून आरवतो, असा आपला समज असतो. जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं कोंबडे सतत मंद उजेडांत कोंडून ठेवले, तरी ते पहांटेच्या सुमारास नेमानें आरवतच राहिले, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. घड्याळ त्यांच्या शरीरांतच असतें. पुढें २०१५ सालीं असेंहि दिसून आलें कीं, अनेक कोंबडे एकत्र असले म्हणजे पहिली बांग देण्याचा मान सर्वांत वरचढ कोंबड्याचा. बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणें मागून आरवतात. कोंबडें झाकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, असें आपण म्हणतों. झाकलेलें कोंबडें आरवावयाचेंहि राहत नाहीं, एवढी भर तींत घालण्यास हरकत नाहीं.

ही पायरी कोंबड्यांतहि असते. नॉर्वेमधील शेल्डरप-एब्बे या गृहस्थाला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. कोणती कोंबडी कोणीला टोचते आणि कोणीपुढें मान खालीं घालते, याची टिपणें ठेवून त्यानें १९२१-२२ च्या सुमारास हा मानपानाचा क्रम शास्त्राच्या भाषेंत मांडला. आपल्या आज्यांना तो ठाऊकच होता, ही गोष्ट निराळी. व्यवहारांत त्याचा उपयोग असा कीं, विकत आणलेली नवी तलंग एकदम जुन्यांत सोडूं नये. ती आठपंधरा दिवस वेगळी ठेवावी. त्यांत तिचें एखादें लपलेलें दुखणेंहि बाहेर पडतें. मग जाळीआडून एकमेकींची ओळख होऊं द्यावी, म्हणजे तिची पिसें शाबूत राहतात.

परंतु सर्वांत मोठा आनंद कोंबडी खुडूक होऊन बसते तेव्हांचा. दहाबारा अंडीं तिच्या पोटाखालीं ठेवलीं कीं ती एकवीस दिवस हलत नाहीं. दिवसांतून एकदा दाणापाण्यापुरती उठते आणि लगबगीनें परत येते. सातव्या रात्रीं अंडें विजेरीसमोर धरून पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. अंडें नितळ दिसलें तर तें काढून घ्यावें. शेवटच्या दिवसांत पिल्लूं कवचाच्या आंतूनच चिवचिवतें आणि आई हळू आवाजांत त्याला उत्तर देते. हें संभाषण घरांतील मुलांना एकदा तरी कान लावून ऐकावयास सांगावें. पिल्लूं बाहेर आलें म्हणजे त्याला लगेच खाऊं घालण्याची घाई नको; पोटांत ओढून घेतलेल्या बलकावर तें पहिले दोन दिवस निभावून नेतें.

गांवठी कोंबडी वर्षाला साठसत्तर अंडीं देते. हैदराबादच्या संशोधनसंस्थेनें परसासाठीं तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया, किंवा बंगळूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची गिरिराज, या जाती त्याहून पुष्कळ अधिक देतात. मात्र त्या क्वचितच खुडूक होतात, आणि अंगानें जड असल्यामुळें मुंगूस आला तर गांवठी कोंबडीसारख्या उडून झाडावर जात नाहींत. यासाठीं सुधारलेल्या कोंबड्यांबरोबर दोन गांवठी असाव्यात हें बरें. अंडीं उबविण्याचें काम त्या करतील. अंडें वाढलें कीं चुनाहि वाढून लागतो. एका अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम जातें. कोंकणांत शिंपल्यांचा चुरा घालावा. इतरत्र अंड्यांचीं टरफलेंच वाळवून घालावींत, पण अगदीं बारीक कुटून. अखंड टरफल दिसलें कीं कोंबडीला अंडें फोडून खाण्याची खोड लागते.

आतां दुखण्यांकडे वळूं. कोंबडी आपलें दुखणें लपविते. तें डोळ्यांत भरेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. सकाळीं खुराडें उघडतांना दोन मिनिटें उभें राहावें. सर्वांत शेवटीं बाहेर येणारी, पिसें फुलवून कोपऱ्यांत बसणारी, तुरा काळवंडलेली कोंबडी कोणती तें पाहावें आणि ती त्याच दिवशीं वेगळी करावी.

खरा वैरी एकच, आणि तो म्हणजे मानमोडी. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथें १९२६ सालीं तो ओळखला गेला, आणि थोड्याच काळांत आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरांत राणीखेत येथें आढळला. म्हणून त्याला राणीखेत रोग असेंहि म्हणतात. हिरवट पातळ विष्ठा, चोंच उघडून धापा टाकणें, मग मान पिळवटणें आणि पाय लुळे पडणें, हीं त्याचीं चिन्हें. हा विषाणूचा रोग असल्यामुळें यावर औषध नाहीं. लसूण, हळद, ताक यांनीं तो बरा होत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. उपाय आहे तो लशीचा : पिल्लूं पांचसात दिवसांचें असतां डोळ्यांत किंवा नाकांत एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांचें झालें कीं पंखाखालीं टोंचणी.

लस स्वस्त आहे, मग खेड्यांत टोंचून कां घेत नाहींत? आळस हें याचें कारण नव्हे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते आणि घरांत कोंबड्या आठ. कुपी बर्फांत ठेवावी लागते, आणि एकदा कालवली कीं ती दोन तासांत संपवावी लागते. एका घराला हें जमणारें नाहीं; दहाबारा घरांनीं मिळून एक दिवस ठरविला तर सहज जमतें. पहांटे खुराडीं उघडण्यापूर्वीं हें काम करावें, म्हणजे अंगणभर धांवावें लागत नाहीं. आजारी पक्ष्याला मात्र लस देऊं नये. आणि लशीचें बळ अंगांत येण्यास आठपंधरा दिवस लागतात, म्हणून शेजारच्या वाडींत मर सुरू झाल्यावर धांवाधांव करण्यांत फारसा अर्थ नसतो.

मर सुरू झाली कीं आणखी एक गोष्ट घडते. उरलेल्या कोंबड्या मरण्यापूर्वीं विकून टाकूं, म्हणून त्या आठवड्याच्या बाजारीं जातात. कोणी लेकीच्या घरीं पाठवितो. रोग त्याच डालग्यांतून पुढच्या गांवीं पोंचतो. चार पैसे वांचविणाऱ्या माऊलीला दोष देववत नाहीं, पण त्या चार पैशांची किंमत दुसऱ्या गांवची दुसरी माऊली देते.

बाकीचीं दुखणीं आटोक्यांतलीं आहेत. देवी डांसांमुळें पसरतात आणि तुऱ्यावर खपल्या धरतात. त्यांचीहि लस आहे. पिल्लांची रक्ती हगवण ओल्या जमिनींतून येते. पावसाळ्यांत खुराड्यांतील भुसा कोरडा राखला तर निम्में काम झालें, आणि उरलेल्याला दवाखान्यांत औषध मिळतें. उवांसाठीं कोंबड्यांना कोरडी माती व चुलींतली राख लोळावयास द्यावी. उन्हाळ्यांत, विशेषतः विदर्भांत, सांवली आणि मातीच्या भांड्यांतलें थंड पाणी हेंच औषध. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती मुख्यतः धापून अंग निववते.

बर्ड फ्ल्यूचें भय निराळें. भारतांत तो प्रथम २००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आढळला. २०२१ सालच्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं शेंकडों कोंबड्या मेल्या, त्याचेंहि कारण हेंच निघालें. नीट शिजविलेल्या अंड्यामांसापासून धोका नाहीं. धोका आहे तो आजारी वा मेलेला पक्षी उघड्या हातांनीं हाताळण्यांत व सोलण्यांत. एरवींहि खुराड्यांतून आल्यावर साबणानें हात धुवावे, आणि लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊं देऊं नयेत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेंतूनहि पोट बिघडविणारे जंतू येतात. मेलेला पक्षी ओढ्यांत टाकूं नये; कुत्र्याला उकरतां येणार नाहीं इतक्या खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावा. एकाएकीं बरेच पक्षी मेले तर मात्र हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याच दिवशीं कळवावें. रोग ठरला तर भोंवतालच्या एक किलोमीटरांतील पक्षी मारले जातात, या भीतीनें लोक गप्प बसतात. पण भरपाई मिळते ती सरकारी पथकानें मारलेल्या पक्ष्यांची. आधींच मेलेल्यांची मिळत नाहीं.