लेणी पाहायला जाताना भीड घरी ठेवा

सोयाबीन घरात आले, दिवाळी पार पडली की आपल्याकडे सहलींचे बेत सुरू होतात. औंढ्याचा नागनाथ तर घरचाच. पण वेरूळचा घृष्णेश्वर, तेथील कैलास लेणे आणि अजिंठ्याची चित्रे पाहण्यासाठी भजनी मंडळे, बचत गट, निवृत्त शिक्षक यांच्या गाड्या हिंगोली, वसमत, कळमनुरीहून निघतात. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली आणि २०२३ मध्ये महिलांना निम्मे तिकीट झाले. तेव्हापासून घरातील वडीलधारी माणसे अधिक मोकळेपणाने बाहेर पडू लागली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

मात्र सहलीहून परतलेल्यांच्या तक्रारी दवाखान्यात ऐकताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. लेण्यांत माणसाला पायऱ्यांपेक्षा भीड अधिक बाधते. ‘माझ्यापायी चाळीस जणांचा खोळंबा नको’ म्हणून तो धाप लागली तरी चालत राहतो, तहान मारतो, छातीतील कळ लपवतो. घरी असता तर तोच मनुष्य ओट्यावर निवांत बसला असता.

पहिला बळी पाण्याचा जातो. वाटेत लघवीला कोठे जायचे, गाडी थांबवा असे कोण सांगायचे, या संकोचाने अनेक स्त्रिया आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. रात्रभर प्रवास, अपुरी झोप, सकाळी केवळ चहा आणि मग उन्हात चढण! शरीरातील पाणी घटले की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पायांत गोळे येतात. लघवी तुंबवल्याने मूत्रमार्गाची जळजळ होते ती निराळीच. कित्येकांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असते, म्हणून ते सहलीच्या दिवशी गोळीच टाळतात. असे करू नये. गोळीची वेळ कशी ठेवावी हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दर अर्ध्या-पाऊण तासाने चार घोट पाणी प्यावे.

दुसरी गोष्ट चढणीची. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यात कोरली आहेत. सुरुवातीलाच पायऱ्या चढाव्या लागतात आणि पुढेही चढउतार आहेत. निजलेल्या बुद्धाची प्रचंड मूर्ती २६ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला आहे. जितके पुढे जाल तितके परतही यायचे आहे, हे विसरू नये. घरी दोन मजले न थांबता चढताना ज्यांची छाती दाटते वा धाप आवरत नाही, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. चढताना हृदयाला जास्त रक्त लागते. त्याची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर तेवढे रक्त पोचत नाही आणि हृदय तक्रार करते. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम ही ती तक्रार होय. तिला ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन पुढे चालू नये. मधुमेही माणसाला कळ न येता नुसताच दम लागू शकतो. अशा वेळी आहे तेथेच बसावे, एक पाऊलही चालू नये आणि सोबत्यांनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ज्यांना एरवीच चढण झेपत नाही त्यांच्यासाठी अजिंठ्याला डोली मिळते. तिच्यात बसण्यात लाज कसली?

मधुमेह्यांना आणखी दोन सूचना. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. त्यामुळे सोमवारी वेरूळ आणि घृष्णेश्वर असा बेत ठरतो आणि नेमका तोच अनेकांच्या उपवासाचा दिवस! सकाळी गोळी किंवा इन्शुलिन घ्यायचे आणि दर्शनाच्या रांगेत दुपारपर्यंत उपाशी राहायचे, यात रक्तातील साखर एकदम उतरते. हातपाय थरथरणे, घाम येणे, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये.

दुसरी सूचना पायांची. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात. दर वेळी काढघाल नको म्हणून काहीजण ती पहिल्याच लेण्यापाशी सोडून अनवाणी पुढे जातात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना तापलेला दगड जाणवतच नाही. साठीच्या एका बाई सहलीनंतर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, त्या मोज्याला लागलेला डाग पाहून. तळव्याला दोन मोठे फोड येऊन फुटले होते आणि त्यांना दुखले नव्हते! ती जखम भरायला सात आठवडे लागले. म्हणून जाड सुती मोजे घालावेत, लेण्याबाहेर येताच पादत्राणे चढवावीत आणि रात्री तळपाय उजेडात पाहावेत.

चित्रांचे रंग टिकावेत म्हणून आत उजेड मंद ठेवलेला असतो. लख्ख उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना थोडेफार दिसू लागायला काही मिनिटे, तर पुरते सरावायला वीस मिनिटांहून अधिक लागतात. वृद्धांना आणि मोतीबिंदू असलेल्यांना त्याहून जास्त. गाईड बोलू लागला की सारे घाईने आत घुसतात आणि उंबऱ्याशीच ठेच लागते. लेण्याच्या ओसरीत, सावलीत दोन-तीन मिनिटे थांबून मगच आत जावे. पडणे टळेल आणि चित्रेही अधिक चांगली दिसतील. औंढ्याच्या गाभाऱ्यात उतरताना ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांनी गर्दी ओसरल्यावर आत जावे.

अजिंठ्याच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे उग्र अत्तर नको, धूर नको आणि दगड तर मुळीच नको. माशा उठल्याच तर हात झाडत उभे राहू नये. तोंड-डोके पदराने वा उपरण्याने झाकून त्वरेने दूर किंवा बंद जागेत जावे. पाण्यात उडी घेऊ नये. सुरक्षित जागी पोचताच अंगात रुतलेल्या नांग्या नखाने खरवडून लवकर काढाव्यात, कारण नांगी जितका वेळ आत राहील तितके विष उतरते. अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास कोंडणे अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन मिळणे जीव वाचवणारे ठरते.

आता सहल नेणाऱ्यांना विनंती. निघण्यापूर्वी प्रत्येकाचा आजार, चालू औषधे आणि घरचा फोन क्रमांक एका वहीत लिहून घ्या. गोळ्या गाडीतील पेटीत नकोत, ज्याच्या त्याच्या खिशात हव्यात. गाडी दर दोन तासांनी न मागता थांबवा, म्हणजे कोणाला तोंड उघडावे लागणार नाही. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर दर्शनी भाग तापतो. म्हणून वयस्कर मंडळींना कैलास लेणे सकाळीच दाखवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि धडधाकट माणसाला मागे. सर्वांची चाल आपोआप त्याच्या बेताची होते आणि ‘थांबा’ म्हणण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

चौतीसच्या चौतीस लेणी पाहिलीच पाहिजेत असा काही दंडक नाही. चार पाहिली, पण बसून, पाणी पिऊन, डोळे भरून पाहिली, तर सहल सार्थकी लागली असे खुशाल समजावे.