तीन इंचांचा तुकडा, सगळ्या क्यूचा तोल

पूल खेळणाऱ्यांच्या पिशवीत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू दिसू लागली आहे. दोन ते चार इंच लांबीचा, मुठीत मावणारा गोल तुकडा. त्याच्या एका टोकाला पिन असते, दुसऱ्या टोकाला आत आटे पाडलेले असतात. क्यूचे, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचे, दोन भाग असतात, मागचा जाड बट आणि पुढचा निमुळता शाफ्ट. ते जिथे एकमेकांत फिरवून घट्ट करतात, तिथे मधोमध हा तुकडा बसवायचा. खेळाडू त्याला मिड-एक्स्टेन्शन म्हणतात.

घेणारा तो लांबीसाठी घेतो. उंच माणसाला 58 इंचांचा क्यू तोकडा पडतो, हे कारण सरळ आहे. पण तुकडा बसवून खेळायला लागलं की लांबीपेक्षा तोलाचीच तक्रार जास्त होते. एक जण म्हणतो, क्यू पुढून जड झाला. दुसरा तोच क्यू हातात घेऊन म्हणतो, छे, मागून जड झाला. गंमत अशी, की दोघेही खरं बोलत असतात. ते कसं, हे कळायला फार मोठं शास्त्र लागत नाही. एक लांब काठी, दोन बोटं आणि शाळेतला तरफेचा नियम पुरेसा आहे.

घाटापलीकडचा वारसा

क्यूचे खेळ आपल्याकडे परके नाहीत. स्नूकरचा जन्मच हिंदुस्थानातला. 1875 च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो रुजवला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम भिंतीवर लागले. चिपळुणातून कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे जिथे आपण पोचतो, त्या पुण्यात 1922 साली विल्सन जोन्स जन्मले. 1958 मध्ये कलकत्त्याला त्यांनी बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं. स्वतंत्र भारताचा, कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. 1964 मध्ये न्यूझीलंडला त्यांनी ते पुन्हा जिंकलं. मुंबईच्या मायकेल फरेरांनी 1977, 1981 आणि 1983 मध्ये तोच मान मिळवला. मुंबईचेच यासीन मर्चंट 1989 आणि 2001 मध्ये स्नूकरचे आशियाई विजेते ठरले. पंकज अडवाणी वाढले बंगळुरूत, पण त्यांचा जन्म 1985 चा, पुण्यातला.

जोन्स यांच्या पिढीत क्यू बहुतेक अखंड लाकडाचा असे. तो लांबीने, वजनाने जसा हाती येई तसा. माणसाने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. जोडाचे क्यू सर्रास झाले आणि मग उलट प्रवास सुरू झाला. आता क्यू माणसाच्या मापाचा करता येतो. बटच्या बुडाशी असलेला वजनाचा बोल्ट बदला, मागे लांब एक्स्टेन्शन लावा, नाहीतर मध्ये तुकडा घाला. सोय वाढली, तसा घोळही वाढला.

तोल शोधायचा कसा

क्यू आडवा धरा. दोन्ही हातांच्या तर्जन्या त्याच्याखाली लांब लांब ठेवा आणि हळूहळू एकमेकींकडे आणा. दोन्ही बोटं एका वेळी सरकत नाहीत. आधी एक सरकतं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. जे बोट तोलाच्या बिंदूजवळ आहे त्यावर भार जास्त, म्हणून तिथे घर्षणही जास्त. ते अडतं आणि लांबचं सरकतं. असं करत दोन्ही बोटं जिथे भेटतात, तोच क्यूचा बॅलन्स पॉइंट. घरच्या केरसुणीवरही हा प्रयोग हमखास जमतो. बोटं मध्यावर न भेटता जड टोकाच्या बाजूला भेटतात.

पूलचा साधारण क्यू 58 इंच लांब आणि 19 औंस, म्हणजे सुमारे 540 ग्रॅम वजनाचा असतो. त्याचा तोल बटच्या बुडापासून 18 ते 19 इंचांवर येतो. हिशेबासाठी आपण साडेअठरा इंच धरू. दोन्ही भाग प्रत्येकी 29 इंचांचे, पण वजनाची वाटणी अगदी विषम: बट सुमारे 425 ग्रॅम, शाफ्ट जेमतेम 115 ग्रॅम. सगळी मेख या विषमतेत आहे.

तुकडा बसवल्यावर

आता जोडात 3 इंच लांबीचा, 55 ग्रॅम वजनाचा तुकडा बसवला असं समजा. दोन गोष्टी एकदम घडतात. बुडापासून 29 इंचांपुढे नवं वजन येतं आणि अख्खा शाफ्ट 3 इंच पुढे ढकलला जातो. तरफेच्या नियमाने प्रत्येक भागाचं वजन गुणिले त्याचं बुडापासूनचं अंतर घेऊन बेरीज केली आणि एकूण 595 ग्रॅमने भागलं, की नवा तोल येतो 20.2 इंचांवर. म्हणजे बुडापासून मोजलं तर तो सुमारे 1.7 इंच पुढे गेला.

तुकडा कशाचा बनवला आहे, यावरही बरंच ठरतं. तोच तुकडा हलका, 30 ग्रॅमचा असेल तर तोल 19.7 इंचांवर थांबतो. भरीव धातूचा, 85 ग्रॅमचा असेल तर 20.7 पर्यंत जातो. लांबी तीच, फरक एका इंचाचा. म्हणून नुसतं “तीन इंची द्या” असं सांगून भागत नाही. वजन विचारावं लागतं.

पण क्यू लांबही झाला आहे. मग टिपेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मोजून पाहा. आधी तोल टिपेपासून साडेएकोणचाळीस इंचांवर होता, आता तो 40.8 वर आहे. टिपेकडून पाहिलं तर तोल 1.3 इंच मागे सरकला! पुढे गेलेले 1.7 आणि मागे गेलेले 1.3, दोन्ही मिळून बरोबर तीन इंच. तोल दोन्हीकडे सरकला. प्रश्न एवढाच उरतो, की तुम्ही क्यू कुठून मोजता. आणि खेळाडू तो फूटपट्टीने मोजत नाही, हाताने मोजतो.

पुढून जड की मागून?

समजा, तुमचा टेकवलेला हात, म्हणजे ब्रिज, टिपेपासून 10 इंचांवर आहे आणि मागची पकड बुडापासून 6 इंचांवर. मूळ क्यूवर ब्रिजच्या हातावर सुमारे 160 ग्रॅम भार येतो, उरलेला 380 मागच्या हातात.

तुकडा बसवून तुम्ही पकड बुडापासून पूर्वीइतकीच ठेवली, म्हणजे मागचा हात तीन इंच आणखी मागे नेला. आता ब्रिजवर सुमारे 188 ग्रॅम भार येतो. क्यू पुढच्या हातावर नीट बसतो, फटक्याच्या वेळी टोक उचललं जात नाही, हात लांब असेल तर कोपरही मोकळा होतो. हा माणूस म्हणणार, पुढून जड झाला.

दुसऱ्याने दोन्ही हात टिपेपासून पूर्वीच्याच अंतरावर ठेवले. त्याच्या मागच्या हातामागे क्यूचा शेपटा तीन इंच वाढला. ब्रिजवरचा भार जिथल्या तिथे, 158 ग्रॅमच्या आसपास. तुकड्याचे सगळे 55 ग्रॅम गेले मागच्या हातात. हा म्हणणार, मागून जड झाला. तुकडा तोच, क्यू तोच. बदलली ती फक्त पकड.

कोकणात झेल्याने आंबे काढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: बांबू लांब केला की तो आधी बांबू बघत नाही, हात कुठे धरायचा ते बघतो.

मागे लावायच्या लांब एक्स्टेन्शनचा परिणाम मात्र एकाच दिशेने होतो. सहा इंचांचं, 85 ग्रॅमचं एक्स्टेन्शन बुडाशी लावलं तर टिपेकडून पाहता तोल जवळजवळ तीन इंच मागे जातो. लांबच्या चेंडूपर्यंत पोचायला ते उत्तम, म्हणून स्नूकरवाले ते लागेल तेव्हाच लावतात आणि फटका झाला की काढतात. मिड-एक्स्टेन्शन कायमचं ठेवण्यासाठी आहे. बुडाचा वजनी बोल्ट 30 ग्रॅमने हलका केला तर तोल एक इंचाच्या आत पुढे येतो, पण क्यूही हलका होतो. हे तिन्ही उपाय वेगवेगळ्या दुखण्यांवरचे आहेत.

काय बदलत नाही

तोल बदलला की नेमही बिघडेल, अशी भीती बरेच जण घेतात. साईड मारताना, म्हणजे चेंडूच्या मध्याच्या बाजूला टिप लावताना, पांढरा चेंडू नेमाच्या रेषेपासून किंचित बाजूला जातो. हे विचलन मुख्यतः शाफ्टच्या अगदी पुढच्या काही इंचांतल्या वजनावर ठरतं, कारण टिप आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढीच असते. एवढ्या वेळात क्यूच्या मध्यापर्यंतचं वजन त्या आडव्या धक्क्यात उतरतच नाही. तुकडा टिपेपासून 29 इंच मागे बसतो, म्हणून साईडसाठी हाताला लागलेला अंदाज जवळजवळ तसाच राहतो.

जोराचंही तसंच. क्यू 55 ग्रॅमने जड झाला आणि त्यात तेवढीच ऊर्जा घातली, तर क्यूचा वेग सुमारे 5 टक्के कमी होतो. पण जड क्यू चेंडूला आपला वेग थोडा जास्त देतो. 170 ग्रॅमच्या पूलच्या चेंडूसाठी हिशेब केला, तर चेंडूचा वेग सुमारे अडीच टक्क्यांनी घटतो. ब्रेक शॉटमध्ये, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यात, तो फरक कानालाही कळणार नाही.

नियमांचीही अडचण नाही. जागतिक पूल संघटनेच्या मापांप्रमाणे क्यू किमान 40 इंच हवा, वजन 25 औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे 709 ग्रॅमपर्यंत चालतं. लांबीला वरची मर्यादाच नाही. स्नूकरमध्ये क्यू किमान 3 फूट हवा आणि त्याचं रूप परंपरेला धरून हवं.

सांध्याची परीक्षा

खरा धोका तोलात नाही, सांध्यात आहे. एकाच्या जागी आता दोन सांधे झाले. क्यूच्या जोडांच्या पिना अनेक जातींच्या असतात: जाड आट्यांच्या, बारीक आट्यांच्या, झटकन लागणाऱ्या. तुमच्या पिनेशी जुळणारा तुकडाच घ्यावा लागतो. तो मिळाला नाही की आपल्याकडे पहिला विचार येतो चिपळूणजवळच्या खेर्डीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवर ॲल्युमिनियमचा गज कातून घेण्याचा. कारागीर हुशार असतात, प्रश्न हुशारीचा नाही, मापाचा आहे. जोडाचा व्यास साधारण 21 मिलिमीटर. तुकड्याची दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर नसली आणि त्यात एक दशांश मिलिमीटरचा फरक राहिला, तर 29 इंच पुढच्या टिपेला तो साडेतीन मिलिमीटर होऊन दिसतो. क्यू टेबलावर लोळवला की टिप डोलते आणि डोलणाऱ्या टिपेने नेम धरता येत नाही. कातून घ्यायचाच असेल, तर दोन्ही तोंडं, भोक आणि आटे गज न काढता एकाच बांधणीत करायला सांगावं. दुसऱ्या टोकाची पिन त्यातच सरळ रेषेत बसवून घ्यावी.

चिपळूणचा पाऊस

तोलाच्या हिशेबात आपली हवाही धरावी लागते. चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेही दमट लागतात. मेपल किंवा ॲशचं लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. शाफ्टचा हातावरून सरकणारा भाग गुळगुळीत राहावा म्हणून त्याला बटसारखं जाड पॉलिश नसतं, त्यामुळे तो जास्त ओलावा पितो. 115 ग्रॅमच्या शाफ्टमधला ओलावा 8 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर गेला, तर त्याचं वजन चार-साडेचार ग्रॅमने वाढतं आणि तोल चार-पाच मिलिमीटर पुढे येतो. हाताला ते जाणवणार नाही, पण लाकूड वाकलं तर नक्की जाणवेल. म्हणून पावसाळ्यात क्यू भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये, दोन्ही भाग सुटे करून बंद केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत. तुकड्याच्या आट्यांवर गंज येऊ नये म्हणून ते कोरड्या फडक्याने पुसावेत. कार्बन फायबरच्या शाफ्टला ओलाव्याचा त्रास नाही. त्याचं वजन मात्र वेगळं असतं, म्हणून वरचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नयेत.

घेण्याआधी

पैसे घालवण्याआधी हे करा. बोटांनी तोल शोधून त्यावर कागदी चिकटपट्टी लावा आणि बुडापासूनचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बट आणि शाफ्ट वेगवेगळे तोला. मग नेहमीच्या पवित्र्यात वाका आणि सोबत्याला मागच्या हाताकडे बघायला सांगा. चेंडूला टिप लागते त्या क्षणी कोपरापासून खालचा हात जवळपास उभा असायला हवा. पकड बुडाच्या टोकावर जाऊन घसरत असेल आणि तरीही हात पुढे झुकत असेल, तर क्यू खरोखर तोकडा आहे. तुम्हाला मधला तुकडा उपयोगी पडेल. पकडीमागे चार-पाच इंच क्यू शिल्लक असेल, तर लांबी तुम्हाला पुरते आहे. तेव्हा फक्त तोल बदलायचा असेल, तर आधी बुडाचा बोल्ट बदलून पाहा. तो स्वस्त असतो आणि परत फिरवता येतो.

तुकडा घेतलाच, तर बसवल्यावर पकड कुठे ठेवायची हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि तिथेच ठेवा. रोज पकड बदलणाऱ्याला रोज नवा क्यू हाती येतो आणि मग दोष तुकड्याला जातो. क्यूवर छापलेलं वजन आणि दुकानदाराने सांगितलेला तोल हे निम्मंच उत्तर आहे. उरलेलं निम्मं तुमच्या हातात आहे आणि ते मोजायला दोन बोटं पुरतात.