कळकाचे काटे

कळकाच्या बेटात ज्याने कधी कोयता चालविला आहे, त्याला त्या झाडाचा राग आल्यावाचून राहत नाही. बुंध्याभोवती काटेरी फांद्यांचे असे घट्ट जाळे असते, की आतील पक्का बांबू काढावयाचा म्हणजे अंगावर ओरखडे घेणे आलेच. हे जाळे निव्वळ अडगळ आहे, की त्याचे काही प्रयोजन आहे? प्रश्न क्षुल्लक वाटतो; परंतु गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात एकेकाळी त्यावरून मोठा वाद झाला.

तेथे दांडेलीस कागदाचा कारखाना उभा राहिला आणि सरकारी रानातील बांबू त्यास नाममात्र दराने मिळू लागला. पुढे बांबू झपाट्याने घटला. सुपे-टोपल्या विणणाऱ्या मेदारांना तो मिळेनासा झाला, आणि दोष गावकऱ्यांच्या गुरांवर ठेवण्यात आला. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी या वनांचा अभ्यास हाती घेतला. गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे चिरंजीव. हार्वर्ड येथे गणिती परिसरशास्त्र शिकून आलेले. परंतु समीकरणे बाजूस ठेवून ते प्रथम गावकऱ्यांशी बोलले, हे मला विशेष वाटते.

कळकाच्या वाढीची रीत येथे ध्यानात घेतली पाहिजे. पावसाळ्यात बेटाच्या कडेने भुईतून कोंब वर येतो. आपल्याकडे त्यालाच किल्ल म्हणतात व त्याची भाजी आवडीने खातात. हा कोंब एकाच हंगामात आपली सारी उंची गाठतो. मागाहून त्याची जाडीही वाढत नाही, तो केवळ पक्का होत जातो. म्हणून कोवळेपणी शेंडा खुडला गेला की तो बांबू कायमचा गेला. आणि खुडणारे थोडे नाहीत. साळिंदर, वानर, रानडुक्कर, गवा, गुरे, शिवाय आपणही.

वनखात्याचा शिरस्ता असा होता, की बुंध्यालगतचे काटे छाटून बेट स्वच्छ करावे, म्हणजे दाटीत गुदमरणारे कोंब मोकळे वाढतील. गावकरी म्हणत, काटे काढाल तर कोंब उघडे पडतील आणि जनावरे ते खाऊन टाकतील. प्रत्यक्ष पाहणीत गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. कारखान्याची बेसुमार तोड हे ऱ्हासाचे मोठे कारण होतेच. पण बेटांच्या जोपासनेसाठी म्हणून केलेली सफाईही त्यांना बाधत होती. गावात बोलले जाते ते सारेच खरे असते असे नव्हे. येथे ते ऐकून घेतले गेले आणि मग पारखले गेले.

डिचोली तालुक्यातील आमच्या सुर्ल गावी हा विषय परका नाही. खाणींच्या पट्ट्यात मातीचे जे डंप उभे राहिले, त्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणात लावण्यात आला. निकृष्ट मातीत तो जोमाने वाढतो, उतार धरून ठेवतो. त्याचा तो गुण नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या पानांना गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. त्याला गवत, बांबूचा पाला, कोवळे कोंब हवे असतात. तो बागायतीत उतरला की आपण त्याच्या नावाने ओरडतो. रानात त्याच्यासाठी काय लावले, हे क्वचितच विचारतो. लागवडीच्या अहवालांत रोपांची संख्या असते. त्यांतील किती कोणाच्या खाण्याची, हा रकाना त्यांत असावा, असे मला वाटते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर शाळेमागील कळकाचे बेट साफ करावे अशी सूचना पालकसभेत आली. मुलांच्या अंगाला काटे लागतात, ही तक्रार रास्त होती. वाटेवर आलेल्या फांद्या तेवढ्या छाटल्या. बुंध्याशी कोयता लावू दिला नाही. श्रावणात आत अकरा कोंब मोजले. बाहेरच्या कडेचे दोन कोणी तरी खाल्ले होते. साळिंदराने की मुलांनी, ते समजले नाही.