पाणचक्की

छत्रपती संभाजीनगर पाहावयास येणारे प्रवासी बीबीचा मकबरा पाहून बहुधा पाणचक्कीकडे वळतात. शहराजवळच्या वाळूज येथील कारखान्यांत यंत्रे विजेवर चालतात; खाम नदीकाठची ही चक्की मात्र केवळ पाण्याच्या बळावर धान्य दळीत असे.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये येथे खडकी हे शहर वसविले आणि डोंगरातील पाणी भूमिगत नहरींनी गावात आणले. पुढे अठराव्या शतकात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी, त्याच पद्धतीने आणलेल्या पाण्यावर पाणचक्की उभी राहिली.

पाणी नेहमी आपली पातळी गाठू पाहते. झऱ्याचे स्थान उंचावर असल्यामुळे मातीच्या बंद नळांतून आलेले पाणी येथील उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत आपोआप चढते व तेथून धबधब्यासारखे हौदात कोसळते. याच पाण्याच्या जोराने लोखंडी पात्यांचे चाक फिरे आणि त्याबरोबर जात्याची वरची तळी फिरू लागे. ते पीठ यात्रेकरूंच्या व फकिरांच्या अन्नासाठी उपयोगी पडे. हौदाच्या तळाखालीच एक प्रशस्त दालन आहे. भर उन्हाळ्यातही तेथे गारवा असतो.

शहर वाढले, तसे जुन्या नहरींवर घरे व रस्ते झाले आणि कित्येक ठिकाणी नळ फुटले. भिंतीवरून कोसळणारे पाणी सर्वांना दिसते, जमिनीखालचा नळ कोणालाच दिसत नाही. परंतु तो तुटला, तर धबधबाही थांबेल. म्हणून पाणचक्की जपावयाची, तर तिच्या नहरीलाही जपले पाहिजे.