दोघांची दिल्ली

लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी केवळ फिरायला म्हणून आम्ही दोघं कधी घराबाहेर पडलो नव्हतो. कुणाचं लग्न, कुणाची मयत, मुलांच्या परीक्षा, अम्माजींचं आजारपण. सुट्टी लागली की कोकणातलं गाव. ‘पुढच्या वर्षी जाऊ’ हे आमच्या घरातलं नेहमीचं वाक्य. शेवटी धाकट्या लेकीनंच तिकिटं काढली आणि अट घातली, “अब्बा, अम्मी, धावपळ करायची नाही. रोज एखाद-दुसरंच ठिकाण.”

कामोठ्याहून दिल्लीला जाणं तसं सोपं. मानसरोवर स्टेशनावर लोकल पकडली की दुसरं स्टेशन पनवेल. तिथं राजधानीही थांबते, पण आम्हाला घाई नव्हती. आम्ही मंगला एक्स्प्रेसनं निघालो. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुकं मटण आणि उकडलेली अंडी. बर्थवर बसूनच कसर नमाज पढलो, खिडकीतून कसाऱ्याचा घाट पाहिला आणि कित्येक वर्षांत झाल्या नव्हत्या एवढ्या गप्पा मारल्या.

गाडी हजरत निजामुद्दीन स्टेशनात संपते. मुक्कामही जवळच होता, म्हणून पहिल्या दिवशी चालतच हुमायूनच्या मकबऱ्यात गेलो. बायकोसाठी नवऱ्यानं ताजमहाल बांधला, हे आपण शाळेतच शिकतो. पण त्याच्या सुमारे साठ वर्षं आधी बेगमनं शौहरसाठी उभा केलेला हा मकबरा आमच्या गावीही नव्हता. १५५६ मध्ये हुमायून जिन्यावरून पडून वारला. पुढे हाजी बेगमच्या पुढाकारानं लाल दगडाची आणि पांढऱ्या संगमरवरी घुमटाची ही इमारत उभी राहिली. १९९३ पासून ती जागतिक वारसा आहे. आमच्यातल्या एकाचा गुडघा चौथऱ्याच्या उंच पायऱ्यांपाशी कुरकुरला, तेव्हा दुसऱ्यानं हात दिला. वर जाऊन आम्ही दोन तास नुसते बसून राहिलो. गाईड मंडळींना आमचं नवल वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मथुरा रोडवरचा अब्दुर्रहीम खानखानांचा मकबरा पाहिला. हे दोह्यांचे कवी रहीम, अकबराचे सेनापती. अहमदनगरच्या निजामशाहीवर चालून आलेल्या मोगल फौजांमध्ये हेही होते, म्हणजे आपल्या दख्खनशी यांचं जुनं नातं. हा मकबरा त्यांनी १५९८ मध्ये आपली बेगम माहबानू हिच्यासाठी बांधला आणि १६२७ मध्ये स्वतःही तिथंच विसावले. पुढच्या काळात इमारतीचा संगमरवर लोकांनी काढून नेला. अलीकडेच तिची नीट दुरुस्ती झाली आहे. गर्दी अजिबात नव्हती. संध्याकाळी दर्ग्याच्या आवारात शहाजहानची लेक जहाँआरा हिची कबर पाहिली. बादशहाची मुलगी, पण कबरीवर छत नाही. वर माती आणि हिरवं गवत, एवढंच.

तिसरा दिवस जुन्या दिल्लीसाठी ठेवला होता. १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या जामा मशिदीत जोहर पढलो, मटिया महलच्या गल्लीत निहारी खाल्ली आणि लाल किल्ल्याकडे निघालो. दाराशी गेल्यावर कळलं, सोमवारी किल्ला बंद असतो! जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

परतताना मशीद आणि किल्ला यांच्यामधल्या बागेत मौलाना अबुल कलाम आझाद यांची मजार दिसली. वर साधी पांढरी छत्री. कठड्याशी उभं राहून फातिहा पढला. मौलाना देशाचे पहिले शिक्षणमंत्री, १९५८ मध्ये त्यांचं निधन झालं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण तिथं उभं असताना एक जुनी गोष्ट आठवली. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’च्या ठरावानंतर मुंबईत मौलानांना अटक झाली आणि नेहरू, पटेल यांच्यासोबत अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. तिथंच ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली गेली. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या बेगम जुलेखा यांचा इंतकाल झाला. बेगम आजारी असल्याचं मौलानांना कळलं होतं, पण सरकारकडे त्यांनी काहीही मागितलं नाही. अखेरची भेट झाली नाही ती नाहीच.

दोघंही बराच वेळ गप्प होतो. मग आमच्यातलं एक म्हणालं, “त्यांना भेटायचं होतं, पण भेटता आलं नाही. आपण तर एकतीस वर्षं एकाच घरात, आणि तरी...” पुढचं बोलायची गरज नव्हती.

त्या दिवशी दुसरं काही पाहिलं नाही. बागेजवळच्या टपरीवर दोन चहा घेतले, मग पुन्हा दोन.

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, “कुतुबमिनार पाहिला?” नाही. “लाल किल्ला?” तोही राहिला. “मग चार दिवस केलंत काय?” आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो.

वाचकहो, मुलांची लग्नं होऊ देत, कर्ज फिटू दे, मग जाऊ, असं तुम्हीही म्हणत असाल. दिल्लीच जायला हवं असं नाही. आम्ही नातेवाइकांच्या लग्नांसाठी तीनदा नगरला गेलो, पण किल्ल्याकडे एकदाही वळलो नाही. आता इन्शाअल्लाह पुढचा प्रवास तिथलाच. तिकिटं या वेळी आम्ही स्वतः काढली आहेत.