आंबा घाटात गाडी दमते, खारदुंग लावर गुदमरते; दोन्हींचं कारण एकच आहे का?

रत्नागिरीहून कोल्हापूरला बाइकवर गेलेल्यांना हा अनुभव नवा नाही. साखरपा सोडलं की आंबा घाट सुरू होतो. चौथ्या गिअरमध्ये मस्त पळणारी गाडी वळणावर अचानक दम टाकते, पिकअप मिळत नाही. मग मागे बसलेला म्हणतो, "वर हवा विरळ असते ना, म्हणून गाडी ओढत नाही."

हेच वाक्य लडाखला जाऊन आलेले रायडर्सही सांगतात. पण लडाखमध्ये खरं असलेलं हे कारण आंबा घाटाला फारसं लागू पडत नाही. हा फरक नीट समजला नाही, तर गाडीतला साधा बिघाड 'उंचीमुळे होतंय' म्हणून दुर्लक्षित राहतो आणि पुढे महागात पडतो.

इंजिनला पेट्रोलइतकीच हवाही लागते

पेट्रोल जळायला ऑक्सिजन लागतो. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पिस्टन खाली गेला की सिलिंडरमध्ये हवा ओढली जाते आणि त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल मिसळलं जातं. म्हणजे गाडीची ताकद शेवटी ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा शिरली यावर.

उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो, पण त्याचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी झाला की तेवढ्याच जागेत हवेचे कण कमी मावतात. सिलिंडर तेवढाच असतो, पण प्रत्येक घोटात मिळणारी हवा कमी होते.

आकडे काय सांगतात?

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार असतो. तिथे २० हॉर्सपॉवर देणारी एखादी बाइक घेऊन वर चढत गेलो, तर ढोबळमानाने असं चित्र दिसतं:

- आंबा घाट (सुमारे २,००० फूट): दाब ६-७ टक्क्यांनी कमी. ताकद साधारण १८.५ ते १९ हॉर्सपॉवर.
- महाबळेश्वर (सुमारे ४,५०० फूट): दाब १५ टक्क्यांच्या आसपास कमी. ताकद सुमारे १७.
- लेह (सुमारे ११,५०० फूट): दाब एक तृतीयांशाने कमी. ताकद सुमारे १३.
- खारदुंग ला (सुमारे १७,५८० फूट): दाब जवळपास निम्मा. ताकद १०-११.

खारदुंग लावरच्या प्रसिद्ध पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. प्रत्यक्ष मोजणीत ही खिंड १७,५८० फुटांच्या आसपास भरते. लडाखमधलाच उमलिंग ला १९,०२४ फुटांवर आहे. सीमा रस्ते संघटनेने बांधलेल्या या रस्त्याची २०२१ मध्ये गिनेस बुकात नोंद झाली.

मग आंबा घाटात गाडी का दमते?

कारण चढ. बाइक, दोन माणसं आणि बॅग मिळून ३२० किलो वजन धरा. १०० मीटरला ७ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जायचं, तर हे वजन वर उचलायलाच ३ हॉर्सपॉवरपेक्षा जास्त ताकद लागते. सपाटीवर याच वेगाला लागणारी एकूण ताकदही याहून कमी असते.

दुसरी गोष्ट गिअरची. २० हॉर्सपॉवर ही ताकद इंजिन भरपूर फिरत असताना मिळते. वळणावर वेग कमी झाला आणि गिअर तोच ठेवला, तर इंजिनचे फेरे पडतात आणि ताकद निम्म्याहूनही खाली येते. म्हणून एक गिअर खाली टाकला की गाडी लगेच ओढायला लागते. हवा तीच असते, इंजिन फक्त जास्त फेऱ्यांवर येतं.

कार्ब्युरेटर आणि फ्युएल इंजेक्शन

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना उंचीवर दुहेरी त्रास होतो. त्यांचा जेट सखल भागातल्या हवेसाठी बसवलेला असतो. वर हवा कमी होते, पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो, धूर येतो, ॲव्हरेज घसरतं आणि गाडी न्यूट्रलवर बंद पडते. म्हणून पूर्वी लेहला पोचल्यावर मेकॅनिककडून कार्ब्युरेटर सेट करून घेतला जायचा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या बाइक फ्युएल इंजेक्शनवर आल्या. यात सेन्सर हवेचा दाब मोजतात आणि पेट्रोल आपोआप कमी करतात. त्यामुळे गाडी गुदमरत नाही. पण नसलेली हवा सेन्सरही आणू शकत नाही. ताकद कमी होते ती होतेच.

मग १०० सीसीच्या गाड्या खारदुंग लावर पोचतात कशा? ८ हॉर्सपॉवरची गाडी तिथे ४ वर येते. एकट्या माणसाला घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढायला तेवढी ताकद पुरते. डबलसीट आणि भरपूर सामान घेतलं की मात्र हाल होतात.

व्हॉट्सॲपवरचे सल्ले किती खरे?

'एअर फिल्टर काढून टाका.' हवा किंचित वाढेल, पण लडाखच्या रस्त्यांवरची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल. पिस्टन आणि सिलिंडर घासून गेले की इंजिनचं काम निघतं. फिल्टर काढण्याऐवजी तो साफ करावा किंवा नवीन बसवावा.

'प्रीमियम पेट्रोल भरा.' जास्त ऑक्टेन असलेलं पेट्रोल इंजिनचं नॉकिंग टाळतं. उंचीवर सिलिंडरमधला दाब कमी असल्याने नॉकिंगची शक्यता उलट घटते. त्यामुळे ज्या गाडीला साधं पेट्रोल चालतं, तिला तिथे याचा फायदा नाही.

'अर्धा क्लच दाबून रेस द्या.' यात फक्त क्लच प्लेट जळतात. खालचा गिअर टाकून क्लच पूर्ण सोडावा.

'निघतानाच टायरमध्ये हवा टाइट भरा.' बाहेरचा दाब कमी झाला की टायरचा दाब आपोआप जास्त दिसतो. रत्नागिरीत २८ पीएसआय भरलेला टायर खारदुंग लावर, थंडीने होणारी घट धरूनही, ३२ च्या आसपास जाऊ शकतो. ओल्या-कच्च्या रस्त्यावर त्याने पकड कमी होते. हवा लेहमध्ये पुन्हा तपासून घ्यावी.

उतरताना गाडी न्यूट्रलवर कधीच सोडू नये. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरलं की इंजिनच गाडीला रोखून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. हा नियम आंबा घाटालाही लागू आहे.

गाडी चालवणाऱ्याचं काय?

शरीरालाही तेवढीच कमी हवा मिळते. फरक इतकाच की शरीर हळूहळू जुळवून घेतं, इंजिन घेत नाही. म्हणून लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस आराम करायला सांगतात. डोकेदुखी किंवा मळमळ वाढत गेली, तर आणखी वर न जाता खाली उतरणं आणि डॉक्टरांना गाठणं गरजेचं असतं.

निघण्यापूर्वीची सोपी परीक्षा

लडाखचा बेत असेल तर सगळं सामान लादून आधी आंबा घाट चढून पाहावा. योग्य गिअर टाकूनही गाडी ओढत नसेल, तर दोष उंचीला देता येणार नाही. इथे उंचीने जेमतेम ६-७ टक्के ताकद जाते, ती जाणवतही नाही. अशा वेळी क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, एअर फिल्टर, प्लग आणि इंजिनचं कॉम्प्रेशन मेकॅनिककडून तपासून घ्यावं. जी गाडी २,००० फुटांवर रडते, तिची निम्मी ताकद १७,००० फुटांवर जाणार आहे. तिथे गॅरेज शोधण्यापेक्षा रत्नागिरीत दोन दिवस गाडी कामाला टाकणं केव्हाही स्वस्त पडतं.