धरणातलं पाणी मोजायचं कसं?

पावसाळा लागला की भोर-वेल्ह्याकडची मंडळी एक बातमी कान देऊन ऐकतात. भाटघर किती भरलं, नीरा-देवघर किती, पानशेत-वरसगाव किती? टक्केवारी सांगितली जाते, आपण मान डोलावतो आणि कामाला लागतो. पण हा आकडा येतो कुठून, असं कधी मनात आलं आहे का? धरणावरचा माणूस काही घागरीनं पाणी मोजत नाही. तो भिंतीजवळच्या पट्टीवर पाण्याची पातळी पाहतो आणि ती वहीत लिहितो. पातळी कळली, पण तेवढ्यावरून पाणी कसं कळलं?

विहीर गोल असली तर काम सोपं. तोंडाचं क्षेत्रफळ काढायचं, पाण्याच्या खोलीनं गुणायचं, झालं. पण भाटघरच्या भिंतीमागं पसरलेलं वेळवंडीचं खोरं गोलही नाही आणि चौकोनीही नाही. कुठं ओढा आत शिरलेला, कुठं डोंगराची सोंड पुढं आलेली. अशा आकाराला सूत्र नसतं. मग इंजिनियर काय करतो? तो त्या पाण्याकडे भाकरींच्या चवडीसारखं पाहतो. खालची भाकरी लहान, वरची मोठी, कडा वाकड्यातिकड्या. जमिनीची मोजणी करून सारख्या उंचीच्या रेषा नकाशावर काढतात, त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एकेका रेषेच्या आतलं क्षेत्र म्हणजे एकेक भाकरी. प्रत्येक थराचं पाणी काढून बेरीज केली की साठा मिळतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. डोंगराच्या कुशीत एक तळं आहे असं समजा. मुद्दाम चौकोनी घेऊ, म्हणजे खरं उत्तर पडताळता येईल. तळाशी टोक, १ मीटर वर बाजू १० मीटर, २ मीटरवर २०, ३ वर ३० आणि ४ मीटरवर ४०. म्हणजे क्षेत्रं झाली ०, १००, ४००, ९०० आणि १६०० चौरस मीटर. थराच्या खालच्या आणि वरच्या क्षेत्राची सरासरी काढा आणि थराच्या उंचीनं गुणा.

सगळ्या तळ्याचा एकच थर धरला तर ३२०० घनमीटर येतात. दोन-दोन मीटरचे दोन थर केले तर २४००. एकेक मीटरचे चार केले तर २२००. खरं उत्तर सूचीच्या सूत्रानं निघतं, ते २१३३ आणि वर एक तृतीयांश. आता चुका पाहा: पहिली सुमारे १०६७, दुसरी २६७, तिसरी ६७. थर निम्मा केला की चूक चौथाईवर येते!

खऱ्या खोऱ्यात मात्र बरोबर उत्तर आधी ठाऊक नसतं. तिथं काय करायचं? शेवटची दोन उत्तरं शेजारी ठेवा. २४०० आणि २२००, फरक २०० चा. चूक चौथाई होत असेल, तर उरलेली चूक या फरकाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे ६७. ती २२०० मधून वजा करा, राहिले २१३३. सूत्र न पाहता आपण खऱ्यापाशी पोचलो. खोरं वाकडंतिकडं असलं की मेळ इतका तंतोतंत बसत नाही, पण आपण कितपत चुकतो आहोत याचा अदमास लागतो. पुस्तकात ज्याला सिम्प्सनचा नियम म्हणतात, त्याच्या पोटात हेच आहे. सिम्प्सनच्याही आधी, १६१५ साली, केप्लर या ज्योतिषशास्त्रज्ञानं दारूच्या पिंपांच्या मापावर अख्खं पुस्तक लिहिलं. लग्नासाठी पिंपं घेतली, तेव्हा व्यापारी नुसती काठी आत घालून माप सांगू लागला, आणि या गृहस्थाला ते पटेना!

आमच्या तळ्यातली शेवटची चूक तीन टक्क्यांची. एवढ्यानं काय बिघडतं, असं वाटेल. भाटघरची क्षमता सुमारे साडेतेवीस टीएमसी. तिचे तीन टक्के म्हणजे जवळजवळ पाऊण टीएमसी, सुमारे दोन कोटी घनमीटर पाणी. ते कागदावर आहे आणि धरणात नाही, असं झालं तर नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांवरची एखादी पाळी अडायची.

पुण्याला १८५४ पासून इंजिनियरिंगचं शिक्षण चालू आहे. आज कुठल्याही अशा कॉलेजात हा विषय संख्यात्मक पद्धती या नावानं असतो, आणि संगणक क्षणात उत्तर देतो. दशांश चिन्हापुढं सहा-सहा आकडे! मोजणी फुटा-दोन फुटांनी चुकलेली असली तरी ते सहा आकडे तसेच ऐटीत उभे. माझ्या मते प्राध्यापकांनी उत्तर विचारण्याआधी एवढंच विचारावं: पायरी निम्मी केल्यावर उत्तर किती हललं? ज्याला हे सांगता येत नाही, त्याला सूत्र पाठ असून उपयोग नाही.

पुराचा हिशेबही पायरीपायरीनंच होतो. मागचा साठा, अधिक येवा, वजा विसर्ग, बरोबर नवा साठा. वाण्याच्या खतावणीसारखंच. मेख अशी, की सांडव्यावरून वाहणारा विसर्ग पातळीवर ठरतो आणि पातळी तर तासातासाला चढते. आपण एका पायरीपुरता विसर्ग स्थिर धरतो, तिथंच चूक शिरते. या सरळ रीतीत पायरी निम्मी केली तर चूक चौथाई नव्हे, साधारण निम्मीच होते. म्हणून पायऱ्या बारीक लागतात. दिवसाची एक पायरी धरली तर रात्री दोनला आलेला लोंढा सरासरीत बुडून जातो.

वेल्ह्याकडच्या आंबी नदीवरचं पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, खालचं खडकवासलाही फुटलं, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ते का फुटलं हा निराळा विषय. पण असा लोंढा किती वेळात कुठं पोचेल आणि किती चढेल, हे आज आधी मांडून ठेवता येतं, ते याच बारीक पायऱ्यांच्या हिशेबानं.

शिक्षकांनी एक करून पाहावं. उन्हाळ्यात गावतळं आटलं की मुलांना घेऊन जा. पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी, दोरी आणि खुंट्या एवढं पुरे. नळीच्या दोन टोकांतलं पाणी एका पातळीत असतं. तिच्या आधारानं अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या उंचीवर खुंट्या ठोका, प्रत्येक फेरीच्या आतलं क्षेत्र काढा. आधी मीटर-मीटरचे थर धरून साठा काढा, मग अर्ध्या मीटरचे. दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी लिहा आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच ठिकाणी पुन्हा मोजा. तळ्यात किती गाळ बसला तेही त्यातून निघेल, पण तो फरक हिशेबाच्या चुकीपेक्षा मोठा आहे ना, हे आधी मुलांनाच ठरवू द्या.